डासाच्या पेशी पाळताना: सी६/३६ दीड वर्ष वापरून झाल्यावर

सी६/३६ ही डासाच्या पेशींची सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी. तिच्याबद्दल लिहायला बसले त्याला कारण फोन. गेल्या दीड वर्षात चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "वोल्बाकिया वाढवायचाय, कोणती सेल लाइन घेऊ?" या पेशींविषयी जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक डेंगी-चिकनगुन्याचे विषाणू वाढवणाऱ्यांनी लिहिलेलं. वोल्बाकियासारखे कीटकांच्या अंगात राहणारे बॅक्टेरिया सांभाळणारे आम्ही मोजकेच, आणि आमचं दुखणं वेगळं. विषाणूवाल्यांचं काम झालं की पेशी मेल्या तरी चालतं. आम्हाला घरमालक म्हणजे पेशी आणि भाडेकरू म्हणजे बॅक्टेरिया, दोघंही धडधाकट हवेत, तेही महिनोन्महिने.

निकाल आधीच सांगून टाकते. घ्या. पाचातले चार स्टार. कापलेला स्टार पेशींचा की माझा, ते पुढं वाचून तुम्हीच ठरवा.

माझा पहिला फ्लास्क एका डीलरकडून आला. नाव लिहीत नाही. नागपुरात मे महिना, बाहेर ४५ अंश, म्हणून त्या भल्या माणसानं काळजीपोटी बर्फाचे जेल पॅक थेट फ्लास्कला चिकटवून पाठवले. डबा उघडला तर खालचा पॅक अजून दगड, आणि मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक पाणी, जेमतेम अर्ध्या फ्लास्कपर्यंत. प्रवासभर ते आत डचमळत आलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तळाला चिकटलेलं काही नाही, सगळा गाळ तरंगतोय. आमच्या लॅब अटेंडंट काकांनीही डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, याच्यात तं काईच जिवंत दिसून नाही राहिलं." आठवडाभर वाट पाहिली. काकांचंच खरं निघालं.

दुसरा फ्लास्क मी स्वतः पुण्याहून आणला, ओळखीच्या एका लॅबमधून. टी-२५ फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियमनं भरला, आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, झाकणावर पॅराफिल्म, वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात. रात्रीच्या गाडीत एसी डब्यात उशाशी. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी विचारलं, "आंबे का गं?" मी हो म्हटलं. डासाच्या पेशी आहेत म्हटलं असतं तर बिचाऱ्या रात्रभर झोपल्या नसत्या.

पुण्याहून आणल्या याचं मला अप्रूप आहे, कारण या पेशी मूळच्या पुण्याच्याच. १९६७ साली पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या अळ्यांपासून ही सेल लाइन उभी केली आणि 'करंट सायन्स'मध्ये छापली. त्याच संस्थेला १९७८ पासून आपण एनआयव्ही म्हणतो. आणि त्याच वर्षी जपानमध्ये अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या पेशींमधून डेंगी आणि चिकनगुन्याला चटकन बळी पडणारा एक क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला वंश, निवडून काढला. तोच सी६/३६. आज जगभर जिथं जिथं डेंगीचा विषाणू वाढवतात तिथं ही पुण्याची लेक सासरी नांदत असते. आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. मला तरी एम.एस्सी.ला कुणी सांगितलं नव्हतं.

आता वापराबद्दल. या पेशींचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे गरिबाघरी निभावतात. २८ अंश तापमान, बस. सोबत येणाऱ्या कागदावर एमईएम मीडियम आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड लिहिलेलं असतं, ते वाचून घाबरू नका. मी लीबोविट्झ एल-१५ वापरते. त्यात दहा टक्के सीरम (जनावराच्या रक्तातलं पाणी), दहा टक्के ट्रिप्टोज फॉस्फेट ब्रॉथ. एल-१५ ला गॅस लागत नाही. त्याचा सामू बायकार्बोनेटवर नाही, भरपूर अमिनो आम्लांवर तोललेला असतो, आणि ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज असल्यामुळं पेशी भराभर आम्ल सोडत नाहीत. झाकण घट्ट लावा आणि ठेवून द्या. सिलिंडर नाही, रेग्युलेटर नाही, तो आणून देणाऱ्याची मनधरणी नाही.

पण इन्क्युबेटर घेताना एक गोष्ट पाहा. पुण्या-मुंबईच्या लोकांच्या ती लक्षात येत नाही. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो. नागपुरात मार्च ते जून खोलीच ३८ अंशांवर असते, मग तो २८ कुठून देणार? थंड करणाराही हवा, म्हणजे बीओडी इन्क्युबेटर. आमच्या विभागात एक होता, त्यात अर्ध्या जागेत मायक्रोबायोलॉजीवाल्यांच्या प्लेट्स. बुरशीच्या प्लेट्स आणि माझे फ्लास्क एकाच कपाटात, हा संसार सहा महिने चालला. शेवटी माझ्या गाइड मॅडमनी तळघरातला जुना बीओडी दुरुस्त करून दिला. कॉम्प्रेसर सुरू झाला की ट्रॅक्टरसारखा आवाज करतो, पण २८ म्हणजे २८.

पेशी तळापासून सोडवायला ट्रिप्सिन हे विकरही लागत नाही. या पेशी तळाला हलक्या हातानं धरून असतात. फ्लास्क आडवा धरून तळहातानं दोन-तीन वेळा टप टप मारलं की सुटतात, नाही सुटल्या तर स्क्रेपर. आठवड्यातून एकदा पॅसेज, म्हणजे थोड्या पेशी काढून नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या. फार पातळ केल्या तर मात्र रुसतात, शेजार हवा असतो त्यांना. सूक्ष्मदर्शकाखाली पाहाल तर काही गोल, काही दोन्ही टोकांना निमुळत्या, आणि दाट झाल्या की एकमेकींवर चढून बसतात. निरोगी फ्लास्क कसा दिसतो हे एकदा डोळ्यात बसलं की आजारी फ्लास्क उघडायच्या आधीच कळतो.

सीरमचं बिल मात्र पोटात गोळा आणतं. चांगल्या प्रतीच्या एका बाटलीत निम्मी स्कूटी येते. ५६ अंशांवर अर्धा तास तापवून, छोटे भाग करून गोठवा. वितळवणं-गोठवणं परत परत करू नका.

आता मुख्य मुद्दा, भाडेकरू. वोल्बाकिया पेशीबाहेर वाढत नाही. १९२४ साली हर्टिग आणि वोल्बाक यांनी क्युलेक्स डासाच्या अंगात तो पाहिला, पण शंभर वर्षांत कुणालाही तो नुसत्या मीडियममध्ये वाढवता आलेला नाही. अशा बॅक्टेरियांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या घरात राहून आपली भांडीकुंडी, म्हणजे जनुकं, विकून टाकलेली असतात. फळमाशीतल्या वोल्बाकियाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, जेमतेम १२.७ लाख अक्षरांचा, माव्यातल्या बुखनेरा या बॅक्टेरियाचा त्याच्या जवळपास निम्मा. उलट त्सेत्से माशीतला सोडालिस. त्याच्याकडे चाळीस लाखांहून जास्त अक्षरं शाबूत आहेत, म्हणून तो आता पेशींशिवायही वाढतो. पण गंमत बघा, १९८७ साली त्सेत्सेच्या शरीरातून काढून पहिल्यांदा त्याला वाढवलं ते सी६/३६ मध्येच. आफ्रिकेतल्या माशीचा पाहुणा, पुण्याच्या डासाच्या घरी.

सी६/३६ चा हाच स्वभाव मला आवडतो. जंगलातल्या एडिस अल्बोपिक्टसमध्ये वोल्बाकियाचे दोन वाण उपजत असतात. सी६/३६ मध्ये एकही नाही. म्हणजे जात तीच, खोली मात्र रिकामी. कोणता वाण ठेवायचा ते तुम्ही ठरवायचं, आणि रिकामा फ्लास्क शेजारी ठेवला की तुलनेलाही आयता मिळतो. ज्यांना भाडेकरूसकट घर हवं त्यांच्यासाठी एए२३ आहे, १९९७ साली स्कॉट ओनील आणि सहकाऱ्यांनी याच डासाच्या अंड्यांपासून केलेली, आत वोल्बाकिया आधीपासून नांदतोय. मी तिच्यातून बॅक्टेरिया काढून सी६/३६ मध्ये घातले. एए२३ हळू वाढते, पुंजके करते, तिचे नखरे फार. बॅक्टेरियांचा झरा म्हणून ठीक, रोजच्या कामाला सी६/३६.

हे घालणं कसं करतात ते सविस्तर सांगते, कारण लोक इथंच गडबडतात. एए२३ चे दोन भरलेले फ्लास्क खरवडून एका ट्यूबमध्ये. त्यात तीन मिलिमीटरच्या निर्जंतुक काचेच्या गोळ्या, पाच मिनिटं व्हॉर्टेक्सवर, म्हणजे गरगर हलवणाऱ्या यंत्रावर. पेशी फुटतात, बॅक्टेरिया बाहेर येतात. सेंट्रिफ्यूजमध्ये २५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजार पट) दहा मिनिटं फिरवलं की पेशींचा चोथा खाली. वरचं गढूळ पाणी पाच मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून. पहिला फिल्टर निम्म्यात तुंबला, मी जोर लावला आणि सिरिंज निसटून हूडच्या (निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या) काचेवर शिंतोडे. दोन फिल्टर जास्तीचे ठेवा, आणि जोर लावू नका. मग जास्त वेगानं फिरवून बॅक्टेरिया खाली बसवायचे. तळाला दिसेल न दिसेल असा पांढुरका ठिपका उरतो. पहिल्यांदा मला वाटलं, गेलं सगळं.

हा ठिपका नव्या मीडियममध्ये विरघळवून सी६/३६ च्या दाट थरावर घालायचा आणि १५ अंशांवर तासभर फिरवायचं, म्हणजे बॅक्टेरिया पेशींवर दाबले जातात. प्लेट धरणारा रोटर आमच्याकडे नाही. सपाट तळाच्या छोट्या बाटल्यांमध्ये कव्हरस्लिपवर पेशी वाढवल्या, त्या बाटल्या कापूस भरलेल्या मोठ्या ट्यूबांमध्ये बसवल्या. एक बाटली तिरपी झाली आणि सगळ्या पेशी एका कोपऱ्यात. बाकी पाच उभ्या राहिल्या. काकांनी कापूस ठासून भरून दिला होता, श्रेय त्यांचं.

तिसऱ्या दिवशी पीसीआर लावला. वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकाची सहाशे अक्षरांच्या आसपासची पट्टी लखलखीत. मी संत्रा बर्फी वाटली. मॅडमनी एक तुकडा घेतला आणि म्हणाल्या, "आत्ता खातेय, पण पाचव्या पॅसेजला परत विचारीन." पाचव्या पॅसेजला पट्टी नव्हती.

पहिल्या आठवड्यातल्या पट्टीला काही अर्थ नसतो. पेशींवर चिकटलेल्या मेलेल्या बॅक्टेरियांचा डीएनएही पट्टी देतो. माझी चूक त्यानंतरची. मी लोभापायी पेशी एकास दहा वाटत गेले. सी६/३६ भराभर वाढली, वोल्बाकिया मागं पडला, दर पॅसेजला विरळ होत होत संपला. दुसऱ्या खेपेला एकास दोन, एकास तीन, याच्यापुढं गेले नाही. महिनाभर नुसती चिकाटी. आठव्या पॅसेजला पट्टी, अकराव्याला पट्टी, आणि मग बर्फी न वाटता मी गपचूप बारा व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्या.

हे सगळं कशासाठी, असं घरी विचारतात. तर बॅक्टेरियाला नव्या डासाची सवय लावायला हे पाळणाघर लागतं. ऑस्ट्रेलियातल्या गटानं फळमाशीचा आयुष्य घटवणारा वाण सुमारे तीन वर्षं डासाच्या पेशींमध्ये पॅसेज करत ठेवला, मग एडिस इजिप्तीच्या अंड्यांत टोचला, आणि २००९ साली छापलं की त्या डासांचं आयुष्य निम्म्यावर आलं. आज डेंगी रोखायला वोल्बाकियावाले डास सोडतात. इंडोनेशियात योग्यकार्ताला प्रयोग केलेल्या भागात डेंगी ७७ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या व्हीसीआरसी या संशोधन संस्थेनं असे डास तयार केले आहेत. त्यांच्या तुलनेत माझे फ्लास्क म्हणजे किस झाड की पत्ती. मला फक्त तापमान वाढलं की हा बॅक्टेरिया पेशींत किती टिकतो ते मोजायचंय, आणि त्या प्रश्नासाठी नागपूरसारखं गाव नाही.

आता कापलेला स्टार.

जी पेशी कुणालाही घरात घेते ती चोरालाही घेते. सातव्या महिन्यात मी होक्स्ट नावाचा रंग लावून पेशी पाहिल्या. हा रंग डीएनएला चिकटतो आणि निळा चमकतो. मधोमध मोठं निळं केंद्रक आणि भोवती पेशीभर बारीक निळे ठिपके. काय सुरेख दिसत होतं! दिवाळीतल्या आकाशासारखं. फोटो काढून मॅडमना पाठवला, खाली लिहिलं "वोल्बाकिया". मॅडमचं उत्तर तीन शब्दांचं, "कंट्रोल कुठे आहे?"

कंट्रोल, म्हणजे ज्यात वोल्बाकिया घातलाच नाही तो फ्लास्क, रंगवला. त्यातही तेच ठिपके.

मायकोप्लाझ्मा. पेशींच्या फ्लास्कमध्ये गुपचूप शिरणारा अगदी बारीक बॅक्टेरिया. सेल कल्चर करणाऱ्या कुणालाही हा शब्द ऐकून घशाला कोरड पडते. पाणी गढूळ होत नाही, रंग बदलत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. पेशीची भिंतच नसल्यामुळं पेनिसिलिनचा उपयोग नाही. आणि आमच्या धंद्यात आणखी एक पेच. होक्स्टनं ठिपके पाहून मायकोप्लाझ्मा ओळखायचा ही जुनी पद्धत, पण वोल्बाकियावाल्या पेशींत ठिपके असायलाच हवेत. चोर आणि पाहुणा दोघंही सारख्याच कपड्यांत. वेगळा पीसीआर लावल्याशिवाय कळत नाही.

बरं, हाकलायचा कसा? इतर लोक डॉक्सीसायक्लिनच्या घराण्यातली औषधं घालून पेशी साफ करून घेतात. आम्ही नाही करू शकत. वोल्बाकिया नेमका त्याच औषधांनी मरतो. रोगी वाचवायचा तर पाहुण्याला विष. तेव्हा माझे सगळे फ्लास्क, वोल्बाकियावाले आणि बिनवोल्बाकियाचे, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये गेले. त्या दुपारी मी कँटीनला गेले नाही. नायट्रोजनमधल्या बारा व्हायलमधून एकेक तपासली, नऊ स्वच्छ निघाल्या. त्यांच्यावर सध्या संसार चालू आहे.

चोर कुठून आला ते सांगता येत नाही. पुण्याहून फ्लास्कबरोबर आला असेल. सीरममधून आला असेल. किंवा माझ्या तोंडातून, कारण मायकोप्लाझ्माची एक जात माणसाच्या तोंडातच राहते आणि मला हूडसमोर बसून गाणी म्हणायची सवय होती. आता मास्क लावते आणि गप्प बसते. काका म्हणतात, "आता लॅब लईच सुनी वाटते."

एक तक्रार मात्र पेशींविषयीच आहे, आणि ती घेण्याआधी माहीत हवी. सी६/३६ मध्ये आरएनए इंटरफिअरन्सची, म्हणजे विषाणूचा आरएनए कापून टाकणारी, यंत्रणा लुळी आहे, तिचं डायसर-२ हे कापणारं प्रथिन नीट काम करत नाही, हे २०१० साली दाखवलं गेलं. विषाणू म्हणूनच तिच्यात एवढे माजतात. तेव्हा वोल्बाकिया विषाणूला कसा अडवतो हे शोधायचं असेल आणि तुमचा संशय त्या यंत्रणेवर असेल, तर ही पेशी साक्षीदार म्हणून उभी करू नका. त्यासाठी फळमाशीच्या एस२ पेशी बऱ्या, त्याही २८ च्या आतच खूश असतात. शिवाय काही लॅबमधल्या सी६/३६ मध्ये डेन्सोव्हायरस कायमचा मुक्कामाला सापडलाय, तेवढी चाचणी जमत असेल तर करून घ्या.

घेणार असाल तर कुठून, हा प्रश्न उरतोच. डीलरकडून मागवलीत तर फ्लास्क गळ्यापर्यंत भरून पाठवा असं ईमेलवर लेखी सांगा आणि जेल पॅक कागदात गुंडाळायला लावा. ओळखीतून घेतलीत तर मायकोप्लाझ्माचा रिपोर्ट मागायला लाजू नका, मी लाजले होते. आल्या आल्या पहिले दोन पॅसेज वेगळ्या खोलीत ठेवा, आणि प्रयोग सुरू करायच्या आधी किमान दहा व्हायल गोठवा.

विदर्भात कुणाला हवी असेल तर माझ्याकडे स्वच्छ फ्लास्क आहे, रिपोर्टसकट देईन. फक्त स्वतः येऊन घेऊन जा, शक्यतो जानेवारीत. आणि येताना डबा आणा, आमचा थर्माकोलचा डबा काकांनी दह्यासाठी नेलाय.